चौकोनाचा त्रिकोण का होतो: नव्यानं विणायला बसलेल्या मावशीला उत्तर

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आणखी कुणी वाचत असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. धाकट्या बहिणीला जानेवारीत बाळ होणार आहे आणि बाळंतविड्यात आपल्या हातचं टोपडं असावं अशी तुमची इच्छा आहे. दोन महिन्यांपूर्वी लोकर, क्रोशाची सुई आणि दोन सुयांची जोडी आणलीत. व्हिडिओ बघून साखळी जमली, खांबही (क्रोशाचे उंच उभे टाके) जमले. पण चौकोन विणायला घेतला की सात-आठ ओळींत त्याचा त्रिकोण होतो. दोन सुयांवर नेमकं उलट घडतं, २४ टाक्यांचे २९ होतात, शिवाय टाके इतके आवळले जातात की सुई आत शिरत नाही. व्हिडिओत ८ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या म्हणून तुम्ही ८ नंबरच आणल्यात. शेवटी विचारलंय, "आधी क्रोशा शिकू की दोन सुया? की माझा हातच याला नाही?"

ताई, हाताचा प्रश्न नाहीच. जिला दोन महिन्यांत साखळी आणि खांब जमलेत तिचा हात तयार आहे. अडलंय ते दुसरीकडे. टाका घालायचा कसा हे तुम्हाला दाखवलं गेलं, घातलेला टाका ओळखायचा कसा हे कुणी दाखवलं नाही. व्हिडिओत सुई फिरताना दिसते, पण बोटाखाली काय तयार झालं, ते डोकं कुठलं, तो पाय कुठला, या ओळीचा शेवटचा टाका कुठला, यावर कॅमेरा थांबत नाही. म्हणून हात बरोबर चालतो आणि जागा चुकते. मी २२ वर्षं घरी विणकाम शिकवते आहे, आणि पहिल्या महिन्यात सोडून जाणाऱ्या दहातल्या आठजणी इथेच अडखळलेल्या असतात.

मला विणायला आत्यानं शिकवलं. तिची पद्धत अशी की पहिले काही दिवस विणायला कमी आणि उसवायला जास्त लावायची. २० टाक्यांच्या चार ओळी स्वतः विणून द्यायची आणि म्हणायची, एकेक टाका उसव आणि दोरा कुठून निघाला ते मला सांग. तेव्हा मला त्याचा फार कंटाळा यायचा. आज माझ्या वर्गात पहिला तास मी असाच घेते. उसवताना टाका ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत जातो, सावकाश, आणि डोळ्यांना ती वाट कळते. तुम्हीही हे करा. तुमचा तो त्रिकोण फेकून देऊ नका, तो आपल्याला लागणार आहे.

आधी सामानाचं बोलू, कारण तुमचा निम्मा त्रास तिथून आलाय. आपल्याकडे दोन सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेत उलटं आहे, नंबर वाढला की सुई जाड होते, आणि तिकडचा ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. तुमचा व्हिडिओ बहुधा अमेरिकन असणार. व्हिडिओतल्या बाईनं ५ मिलिमीटरच्या सुईवर, तशाच जाड लोकरीनं विणलं आणि तुम्ही ४ मिलिमीटरवर. जाड लोकर बारीक सुईवर घेतली की टाका आवळणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष किती हे आत्ता सांगताच येणार नाही. यापुढे दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदावर सुईचं माप छापलेलं असतं, ते बघा आणि शिकताना त्याहून अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्या.

लोकर घ्याल ती फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची आणि घट्ट पिळाची. गडद निळा, काळा, मरून हे रंग पहिले तीन महिने घरात आणू नका, रात्री दिव्याखाली त्यातला टाका माझ्यासारखीलाही दिसत नाही. केसाळ लोकर तर नकोच. ती दिसायला मोहक असते, पण टाक्याच्या कडा झाकून टाकते आणि उसवताना एकमेकांत गुंतते. शिवाय तान्ह्या बाळासाठी तिचे तंतू तोंडात-नाकात जाणार. सैल पिळाच्या लोकरीचीही एक खोड असते, सुईचं टोक दोऱ्याच्या मधूनच आरपार जातं आणि एका टाक्याचे दोन दिसायला लागतात. तुमचे २४ चे २९ होण्यात थोडा वाटा याचाही असू शकतो.

आता त्रिकोण. टेबलावर सपाट ठेवा आणि वरची कड नाकासमोर धरा. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दोऱ्याचे दोन पदर आडवे दिसतील, वेणीच्या पेडासारखे. ते डोकं. सुई घालायची ती या दोन्ही पदरांच्या खालून. एकाच पदरातून घातली तर उरलेला पदर रेघेसारखा वर राहतो. कधी मुद्दाम नक्षीसाठी तसं करतात, पण नकळत झालं तर ओळीत मधेच खाचा दिसतात. आता डोकी मोजा. पहिल्या ओळीत २०, तिसरीत १८, पाचवीत १६ असं काहीसं येईल. प्रत्येक ओळीत एक खांब हरवतोय आणि तो ओळीच्या शेवटी हरवतोय.

कारण असं. खांबाची ओळ सुरू करताना आपण ३ साखळ्या घालतो. त्या ३ साखळ्या म्हणजेच त्या ओळीचा पहिला खांब. त्या खालच्या पहिल्या खांबाच्या डोक्यावर उभ्या असतात, म्हणून पुढचा खांब खालच्या दुसऱ्या डोक्यात घालायचा. इथपर्यंत तुम्ही बरोबर करताय. पण ओळीच्या शेवटी पोचल्यावर खालच्या ओळीच्या त्या ३ साखळ्या बारीक, तिरक्या, कडेला चिकटून बसलेल्या असतात, खांबासारख्या दिसतच नाहीत. तुम्हाला वाटतं ओळ संपली, आणि तुम्ही वळता. त्या ३ साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत शेवटचा खांब घालायचा राहून जातो. दर ओळीत एक गेला की चौकोनाचा त्रिकोण.

याच्या उलट चूकही होते. काहीजणी ३ साखळ्या घालून पहिल्याच डोक्यात पुन्हा खांब घालतात, मग दर ओळीत एक वाढतो. आणि काहीजणी दोन्ही चुका एकदम करतात, सुरुवातीला एक वाढवतात आणि शेवटी एक सोडतात. त्यांची मोजणी दर वेळी बरोबर येते, तरी कडा करवतीसारख्या होतात. म्हणून नुसतं मोजून भागत नाही, कडेला बघावं लागतं. माझ्या वर्गात यावर एकच उपाय आहे. ३ साखळ्या घातल्या की सगळ्यात वरच्या साखळीत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन अडकवायची. परत त्या टोकाला आलात की पिन दिसते, पिनेच्या जागी खांब घालायचा आणि पिन काढून वरच्या ओळीला लावायची. आठवडाभरात पिनेची गरज संपते.

सुरुवातीची साखळी किती घालायची यातही घोळ होतो. २० खांब हवे असतील तर २२ साखळ्या घाला आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घाला. सोडलेल्या ३ साखळ्या हा एक खांब, उरलेल्या १९ साखळ्यांवर १९ खांब. साखळी मोजताना सुईवर अडकलेला फास धरायचा नाही आणि सुरुवातीची सरकती गाठही धरायची नाही.

मुका खांब म्हणजे खांबाहून बुटका टाका, त्याचा हिशेब वेगळा. तिथे वळताना १ साखळी घालतात, पण ती इतकी बुटकी असते की तिला टाका म्हणून मोजत नाहीत. म्हणून मुका खांब खालच्या पहिल्याच डोक्यात घालायचा आणि शेवटीही शेवटच्या डोक्यात. २० मुके खांब हवेत तर २१ साखळ्या आणि पहिला टाका सुईपासून दुसऱ्या साखळीत. तेव्हा खांबाच्या ओळीत पहिलं डोकं सोडायचं आणि शेवटी साखळीच्या माथ्यात घालायचा, मुक्या खांबाच्या ओळीत पहिल्या डोक्यातच घालायचा. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

टाके तुम्हाला जमतात असं लिहिलंत, तरी एकदा पडताळून घ्या. मुक्या खांबाला सुई आत घालून दोरा ओढला की सुईवर दोन वेढे होतात, ते एकदम काढायचे. खांबाला आधी सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन मग सुई आत घालायची, दोरा ओढल्यावर तीन वेढे होतात, ते दोन आणि पुन्हा दोन असे काढायचे. अर्ध्या खांबालाही तीनच, पण तिन्ही एकदम. बाकी क्रोशातलं बहुतेक सगळं यांच्याच उंचीचा आणि जागेचा खेळ आहे.

इथे व्हिडिओंबद्दल एक सावधगिरी. इंग्रजीत 'डबल क्रोशे' म्हटलं की अमेरिकेत तो आपला खांब असतो आणि ब्रिटनमध्ये आपला मुका खांब. तोच शब्द, दोन वेगळे टाके. ओळखायची खूण सोपी आहे. ज्या नमुन्यात 'सिंगल क्रोशे' हा शब्द येतो तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल हा शब्द या टाक्यांना वापरत नाहीत. गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी झबलं घेऊन आली होती, बाही एका व्हिडिओवरून आणि अंग दुसऱ्यावरून. अंग घट्ट विणीचं आणि बाही जाळीसारखी. तिनं दोन्हीकडे सांगितलं तेच केलं होतं, पण शब्दानं फसवलं. म्हणून मी वर्गात खांब, मुका खांब, अर्धा खांब हेच शब्द वापरते. नाव ऐकलं की उंची डोळ्यापुढे येते.

तुमचा हात घट्ट आहे का, हे मी न बघता सांगू शकत नाही. पण नव्यानं क्रोशा धरणाऱ्या बहुतेकींचा एक दोष असतो. क्रोशाच्या सुईला आकडीच्या खाली बारीक गळा असतो आणि त्याच्या खाली जाड दांडी. फासाचं माप दांडीवर ठरतं. नवी मुलगी घाबरत घाबरत फास गळ्याशीच ठेवून टाका ओढून घेते, मग तो गळ्याच्या मापाचा होतो आणि पुढच्या ओळीत आकडी आत शिरत नाही. दोरा ओढला की फास दांडीपर्यंत सरकू द्या, मग पुढचा टाका. आणि सुरुवातीची साखळी तेवढी एक माप जाड सुईनं घाला. नाहीतर खालची कड आखडते, वरचं काम पसरतं आणि चौकोनाची आणखी वेगळीच तऱ्हा होते.

डाव्या हातात दोरा कसा धरायचा यात मी कुणाला सक्ती करत नाही. करंगळीला एक वेढा, मधल्या दोन बोटांखालून आणि तर्जनीवरून, ही माझी पद्धत. कुणाला करंगळीचा वेढा काचतो, कुणाला त्याशिवाय दोरा सांभाळता येत नाही. दोरा सारख्या ताणानं सुटला पाहिजे, बस. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत बोटं घामेजतात आणि दोरा अडकतो. तिथे मी हाताला चिमूटभर पावडर लावायला सांगते. सुई पेन्सिलीसारखी धरा नाहीतर सुरीसारखी, ज्यात मनगट दुखत नाही ती धरा. तुम्ही डावऱ्या असाल तर मात्र आत्ताच कळवा, मग सगळं आरशात बघून शिकावं लागतं आणि मी ते वेगळं लिहीन.

आता दोन सुया. इथे एक गोष्ट पहिल्या दिवशी कळली तर पुढचं सगळं हलकं होतं, आणि मला ती कळायला खूप उशीर लागला. सुलट आणि उलट हे दोन वेगळे टाके नाहीत. सुलट टाक्याची पाठ म्हणजे उलट टाका. समोरून बघितलं तर टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, त्यांची उभी रांग गव्हाच्या ओंबीसारखी. मागून बघितलं तर त्याच टाक्याच्या गळ्याशी आडवी गाठ दिसते, मण्यासारखी. सुलट विणताना दोरा कामाच्या मागे असतो आणि गाठ मागे पडते. उलट विणताना दोरा पुढे असतो आणि गाठ पुढे पडते. सगळ्या सुया (दोन सुयांच्या कामात ओळीलाही सुईच म्हणतात) सुलट विणल्या तर दोन्ही बाजूंना गाठींचे आडवे वळ उठतात, कारण दर सुईला आपण काम फिरवतो. एक वळ म्हणजे दोन सुया विणून झाल्या. एक सुई सुलट आणि एक सुई उलट विणली तर एका बाजूला सगळ्या ओंब्या, दुसऱ्या बाजूला सगळ्या गाठी. असलं काम बाजूच्या कडांनी मागे आणि वर-खाली पुढे गुंडाळतं. मुली घाबरतात की काय चुकलं. काही चुकलेलं नसतं, त्या विणीचा स्वभावच तो. म्हणून खाली बॉर्डर विणतात, दोन सुलट दोन उलट अशी.

तुमचे २४ चे २९ कुठे होतात ते बघू. माझा अंदाज आहे की बरेचसे ओळीच्या पहिल्या टाक्यात होतात. काम फिरवून नवी सुई सुरू करता तेव्हा दोरा पुढे, सुईखाली लोंबत असतो. तो मागे न्यायचा तो सुईच्या खालून. तुम्ही तो सुईच्या वरून मागे ओढत असाल तर पहिला टाका ताणला जाऊन उलटा होतो आणि त्याचे दोन पाय सुईवर दोन टाक्यांसारखे दिसतात. तुम्ही दोन्ही विणता, आणि एक वाढतो. पुढच्या वेळी फिरवल्यावर एक क्षण थांबा, दोरा खाली सोडा, पहिल्या टाक्याखाली एकच गाठ दिसते का बघा आणि मग सुई घाला. वाढलेला टाका ओळीच्या मधे असेल आणि त्याखाली भोक दिसत असेल तर कारण वेगळं आहे. सुलटवरून उलटवर जाताना दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणायच्या ऐवजी सुईवरून आला, म्हणजे नकळत एक वेढा जास्त पडला.

आणखी एक, मधे उठण्याचं. कुकरची शिट्टी झाली, ओळ अर्धी टाकून उठलात, परत बसलात आणि सुया उलट्या हातात घेतल्यात, तर काम मधूनच मागे फिरतं आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतात. बसताना एवढंच बघा की गुंड्याकडे जाणारा दोरा उजव्या हातातल्या सुईवरून निघतोय. शिकेपर्यंत शक्यतो ओळ पुरी करूनच उठा.

सुईवर टाका कसा बसलाय हेही बघायला शिका. नीट बसलेल्या टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला असतो. उलट टाका विणताना दोरा सुईवरून न घालता खालून उचलला तर टाका फिरून बसतो, डावा पाय पुढे येतो, आणि पुढच्या सुईला तो नेहमीसारखा विणला की पिळला जातो. मी लग्नाआधी भाच्यासाठी पहिला स्वेटर विणला, त्यात पाठीच्या सगळ्या ओंब्या एकाआड एक ओळ पाय मुडपून बसल्यासारख्या झाल्या होत्या. मला काहीच दिसलं नव्हतं. आत्यानं खिडकीशी धरून अंगठ्यानं ते टाके थोडे ताणून दाखवले, एक ओळ मोकळी आणि एक ओळ पिळलेली. तेव्हापासून मी कुठलंही काम उजेडाकडे धरून ताणून बघते.

टाका सुटला तर रडू नका, आणि सुई टाकून सगळं उसवूही नका. सुटलेला टाका खाली घसरतो आणि त्याच्यावर आडव्या दोऱ्यांची शिडी तयार होते. काम ओंबीच्या बाजूनं समोर धरा, क्रोशाची सुई त्या सुटलेल्या फासात पुढून मागे घाला, शिडीची सगळ्यात खालची पायरी आकडीत पकडा आणि फासातून पुढे ओढा. झाला एक टाका. मग त्याच्या वरची पायरी. वरपर्यंत आलात की फास डाव्या सुईवर चढवा. नीट बघितलंत तर ही साखळीच आहे, जी तुम्हाला आधीच येते.

यातूनच तुमच्या मुख्य प्रश्नाचं माझं उत्तर निघतं. आधी क्रोशा. पण हे तुमच्यापुरतं सांगते आहे, सगळ्यांना नाही. क्रोशात एका वेळी सुईवर एकच जिता, म्हणजे सुटू शकणारा, फास असतो. चुकलं तर सुई काढून दोरा ओढा आणि हव्या त्या जागी थांबा, बाकी काही सुटत नाही. डोळ्याला टाका ओळखायची सवय लागते. दोन सुयांवर सगळे टाके एकदम जिते असतात, तिथे नवीन हाताला भीती वाटते आणि भीतीनं हात आवळतो. म्हणून पंधरा दिवस क्रोशा, तोही फक्त २० खांबांचा चौकोन. कडा सरळ आल्या की दोन सुया. जिला मोठा स्वेटर किंवा मफलरच करायचा आहे, किंवा जिची आई-आजी शेजारी बसून दोन सुया शिकवते आहे, तिनं थेट तिथूनच सुरुवात करावी. शेजारी बसलेलं माणूस हे कुठल्याही क्रमापेक्षा मोठं असतं.

टोपडं मात्र दोन सुयांवरच करा असं मी म्हणेन. क्रोशाचं काम जाड आणि ताठ होतं, तेवढ्याच मापाला लोकरही जास्त खातं. दोन सुयांची वीण ताणली जाते, बाळाचं डोकं महिन्याभरात वाढतं तेव्हा तीही सैल होते. क्रोशा तुम्ही दुपट्याच्या कडेला, तोरणाला, रुमालाला वापरा, तिथे तो शोभतो. जाळीचे खांब घालून हातमोजे-पायमोजे तर तान्ह्या बाळाला करूच नका, त्या भोकांत इवली बोटं अडकतात. कुठलंही काम असो, आतल्या बाजूला दोऱ्याची टोकं लोंबत ठेवायची नाहीत. बोटाला दोरा गुंडाळला गेला तर बाळ फक्त रडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. टोपड्याला लांब नाड्याही नकोत.

टोपडं घ्यायच्या आधी नमुना, म्हणजे मापासाठी छोटा तुकडा, विणा. हे सांगितलं की सगळ्यांचे चेहरे पडतात, तरी सांगते. ३० टाके घाला, एक सुई सुलट एक सुई उलट असं चार-साडेचार इंच विणा, धुवा, न ताणता वाळवा आणि मधल्या भागात १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. मध्यम जाडीच्या लोकरीला ४ मिलिमीटरच्या सुईवर साधारण २२ येतात. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि वीण ताणते, म्हणून टोपडं त्याहून जरा कमी ठेवायचं. २२ च्या हिशेबानं ७२ टाके म्हणजे पावणेतेहतीस सेंटीमीटर, अगदी बरोबर. पण तुमचा हात सैल असेल आणि १० सेंटीमीटरमध्ये २० च टाके येत असतील तर तेच ७२ टाके ३६ सेंटीमीटर होतात आणि टोपडं डोळ्यांवर येतं. हात घट्ट असून २५ येत असतील तर जेमतेम २९, ते बाळाला चढणारच नाही. लोकर तीच, सुई तीच, टाके तेच. म्हणून दुसरीच्या नमुन्यातला आकडा उचलून विणू नये.

माप जुळलं की ७२ टाके घाला. टाके घालताना मोकळा दोरा किती सोडायचा हे कळत नसेल तर सुईभोवती १० वेढे घेऊन तेवढा दोरा मोजा, त्याच्या सातपट आणि वर वीतभर. पहिल्या ८ सुया दोन सुलट दोन उलट. ७२ ला ४ नं भाग जातो, त्यामुळे फिरवल्यावरही प्रत्येक सुई दोन सुलटनं सुरू होते. इथे मोजत बसू नका, बघा. समोर ओंबी दिसली की सुलट, गाठ दिसली की उलट. बॉर्डर ही डोळ्याची परीक्षा आहे, आणि ती जमली की तुम्हाला विणकाम वाचता आलं. नंतर एक सुई सुलट एक सुई उलट, सुरुवातीपासून १४ सेंटीमीटर होईपर्यंत. मग एका सुलट सुईला दोन-दोन टाके एकत्र विणा, ३६ उरतील. दोरा हातभर ठेवून कापा, जाड सुईत ओवून सगळ्या ३६ टाक्यांतून काढा, ओढून गच्च गाठ मारा आणि त्याच दोऱ्यानं मागची शिवण घाला. घटवायची नक्षी नाही, गोल सुया नाहीत. वरची चूण फुलासारखी बसते.

वेळेचं म्हणाल तर गणपती आत्ताच झालेत. रोज वीस मिनिटं बसलात तर दसऱ्यापर्यंत चौकोन सरळ होईल, दिवाळीपर्यंत बॉर्डर जमेल, आणि टोपड्याला डिसेंबर मोकळा मिळेल. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी, मनगट आणि मान दोन्ही शाबूत राहतात. दुखायला लागलं की त्या दिवशी थांबा. आणि लोकर ॲक्रिलिकची असेल तर शेवटी कौतुकानं तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका, वीण कायमची लोळागोळा होते. ओली करून हातानं आकार देऊन सावलीत वाळवा.

आज एवढंच करा. त्रिकोण काढा, शेवटच्या दोन ओळी सावकाश उसवा आणि हरवलेल्या खांबाची जागा शोधून तिथे पिन लावा. ४ मिलिमीटरच्या सुया तुमच्या त्या जाड लोकरीवर वापरू नका. एक तर ५ मिलिमीटरची जोडी आणा, नाहीतर सुया त्याच ठेवून मध्यम जाडीचा फिकट गुंडा आणा. टोपड्यासाठी मी दुसरं सुचवेन. नमुना धुऊन वाळला की १० सेंटीमीटरमध्ये किती टाके आले तेवढं कळवा, २२ आले नाहीत तरी चालेल. टोपडं किती टाक्यांवर घालायचं ते मी काढून देते.